नजरेच्या कडा : रात्री घालावयाच्या लेन्स आणि निकटदृष्टी डोळा

इतिहासाचा शिक्षक डोळ्यांविषयी का लिहितो, असा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आमच्या एका जुन्या अपराधात आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात आमचा एक विद्यार्थी सनावळीत सतत चुकत असे. सत्यशोधक समाजाची स्थापना आम्ही फळ्यावर १८७३ लिहावी आणि त्याच्या वहीत १८७२ उतरावे. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे १९३० हे साल त्याच्या हातून १९२० व्हावे. मुलगा उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. आम्ही त्याला बेफिकीर ठरविले, वर्गासमोर उभे केले आणि एकदा सर्व सनावळी शंभर वेळा लिहावयास लावल्या. पुढे शाळेत नेत्रतपासणीचे शिबिर झाले, तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन निघाला. दुरून तीन आणि दोन हे आकडे त्याला सारखेच दिसत होते. चष्मा मिळाल्यावर पहिल्याच रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर तो बराच वेळ वर पाहत उभा होता. चांदणी टिंबाएवढी असते, कापसाच्या बोंडासारखी नसते, हे त्याला वयाच्या चौदाव्या वर्षी समजले.

हाच विद्यार्थी गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्यास आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिलाही चष्मा होता. वर्षभरात तिचा नंबर उणे सव्वावरून उणे सव्वादोनवर गेला होता, आणि शहरातील नेत्रतज्ज्ञांनी तिला रात्री झोपताना घालावयाच्या लेन्स सुचविल्या होत्या. तो म्हणाला, "सर, तुम्ही सगळं वाचून बघता, एवढंही बघा. रात्रभर पोरीच्या डोळ्यांत चकती ठेवायची म्हणजे जीव घाबरतो. आणि डॉक्टर म्हणतात, ही लेन्स नजरेच्या कडेवर काम करते. कडेवर म्हणजे कुठं, सर?"

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु ज्याला आमच्यामुळे शंभर वेळा सनावळी लिहावी लागली, त्याच्यासाठी चार महिने वाचन करणे आम्हांस जड गेले नाही. त्या वाचनातून जे उमगले ते येथे मांडीत आहोत. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे, हेही त्यामागील कारण आहे.

प्रथम डोळ्याची रचना. प्रकाश डोळ्यात शिरतो तो पुढील पारदर्शक पडद्यातून, ज्याला पारपटल म्हणतात. प्रकाशाचे किरण एकत्र आणण्याचे दोन तृतीयांश काम हे पारपटलच करते. आतील भिंग उरलेले काम पाहते. हे किरण मागच्या दृष्टिपटलावर नेमके जुळले की वस्तू स्पष्ट दिसते. निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल मागच्या बाजूस लांबलेला असतो. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर. ती एका मिलिमीटरने वाढली तर अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो. किरण दृष्टिपटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकत्र येतात आणि पुढे पांगतात, म्हणून दूरचे धूसर दिसते. हा उलगडा योहान्नेस केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात केला. त्यापूर्वी शतकानुशतके माणसे चष्मे वापरीत होती, पण चष्म्याने का दिसते हे कोणास ठाऊक नव्हते.

चष्म्याचे अंतर्वक्र भिंग किरणांना थोडे पांगवून त्यांचा मिलनबिंदू मागे ढकलते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे आपली सर्वांत तीक्ष्ण दृष्टी असते, तेथे प्रतिमा स्पष्ट पडते आणि फळा दिसू लागतो. नेत्रतपासणीत मोजला जातो तो याच मध्यबिंदूचा नंबर. तक्त्यावरील अक्षर आपण मध्यानेच वाचतो. म्हणून गेली तीन-चारशे वर्षे 'डोळ्याचा नंबर' म्हणजे केवळ मध्याचा नंबर असे आपण मानीत आलो.

परंतु दृष्टिपटल हा बिंदू नव्हे. तो नेत्रगोलाच्या आतील भिंतीवर पसरलेला वाडग्यासारखा खोलगट पडदा आहे. समोर फळ्याकडे पाहत असतानाही शेजारच्या बाकावरील मुलाची हालचाल आपल्याला जाणवते, ती या पडद्याच्या कडेच्या भागामुळे. या कडांनाही स्वतःचा नंबर असतो आणि तो मध्याच्या नंबराशी जुळेलच असे नाही. इंग्लंडमधील टॉमस यंग याने १८०१ साली स्वतःच्या डोळ्यावर जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत तिरप्या कोनातून येणारे किरण कसे विस्कटतात याचाही विचार होता. डोळ्याची लांबी मोजण्यासाठी त्याने डोळा आत वळवून एका मापकाची टोके नेत्रगोलाच्या पुढे व मागे टेकविली होती आणि मागचे टोक कोठे टेकले हे दाबामुळे दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून ओळखले होते. वाचतानाच अंगावर काटा येतो.

आता निकटदृष्टी डोळ्याचा आकार डोळ्यांपुढे आणावा. सर्व बाजूंनी सारखा फुगलेला चेंडू न राहता तो बहुधा अंड्याप्रमाणे मागे लांबतो. मधला भाग खोल जातो. कडांचा भाग त्या मानाने पुढेच राहतो. नेहमीचा चष्मा मिलनबिंदू मध्यापाशी अचूक नेऊन ठेवतो. पण तेवढ्याच भिंगाने कडेचे किरण गरजेपेक्षा अधिक मागे जातात. म्हणजे मध्ये प्रतिमा पडद्यावर आणि कडेला पडद्याच्या मागे. मुलाला याचा पत्ताही लागत नाही, कारण कडेची नजर मुळातच ढोबळ असते. मध्यापासून तीस अंश बाजूला तर ठळक अक्षरेही वाचता येत नाहीत. चष्मा घालूनही कडेची प्रतिमा नीट जुळलेली नाही, अशी तक्रार कोणीही करीत नाही.

मग कडेची फिकीर का करावी? याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले आणि ते मुक्या प्राण्यांच्या डोळ्यांवर मिळाले, हे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. १९७७ साली अमेरिकेत वीझेल व राव्हिओला यांनी दाखविले की माकडाच्या पिलाच्या पापण्या शिवून टाकल्या, तर त्याचा डोळा लांबत जातो. १९८८ साली कोंबडीच्या पिलांना भिंगे लावून दिसले की प्रतिमा पडद्याच्या मागे पडू लागली तर डोळा वाढून तिला गाठतो, आणि पुढे पडली तर वाढ मंदावते. म्हणजे वाढत्या वयातील डोळा प्रतिमेचा पाठलाग करतो. त्याआधी १९८७ साली जॉश वॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांच्या डोळ्याचा केवळ एक भाग झाकला, तेव्हा तेवढाच भाग लांबला. पुढे ह्यूस्टनच्या अर्ल स्मिथ यांनी २००५ पासून माकडांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत मध्याची दृष्टी मोकळी ठेवून केवळ कडा धूसर केल्या. तरीही निकटदृष्टिता आली. इतकेच नव्हे, तर लेसरने मध्यबिंदू निकामी केल्यावरही डोळ्याची वाढ कडांच्या इशाऱ्याने चालू राहिली. स्पष्ट पाहण्याचे काम मध्याचे, पण किती वाढावे याविषयी कडांचाही शब्द चालतो, असा याचा अर्थ.

हा विचार आमच्या मनात बराच काळ घोळत राहिला. वर्गाचेही असेच असते, मात्र तो विषय वेगळा.

आता त्या रात्रीच्या लेन्सकडे येऊ. या उपचाराला ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात. तज्ज्ञ संक्षेपाने ऑर्थो-के म्हणतात. प्राचीन चीनमध्ये लोक डोळ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवून झोपत आणि त्यामुळे त्यांचा नंबर कमी होई, ही कथा या विषयावरील लेखांत हमखास आढळते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही तिला दंतकथेच्या पेटीत ठेवतो. ती सांगणारे पुष्कळ, आधार देणारा कोणी नाही. लेखी इतिहास सुरू होतो तो १९६२ साली, अमेरिकेतील जॉर्ज जेसन यांनी पारपटलापेक्षा चपटी कडक लेन्स घालून नंबर उतरविण्याची पद्धत मांडली तेव्हा. तिचा परिणाम बेभरवशाचा होता, कारण लेन्स डोळ्यावर सरकत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लेन्सचा मधला भाग चपटा आणि त्याभोवतीचे कडे अधिक वळणदार अशी रचना आली, तेव्हा ती मध्यावर स्थिर राहू लागली. झोपेत बंद पापणीखालीही पुरेसा प्राणवायू आत सोडतील असे पदार्थ उपलब्ध झाल्यावर ती रात्रभर घालणे शक्य झाले. २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रात्रीच्या वापरास मान्यता दिली. हेतू एवढाच होता की दिवसा चष्म्याविना वावरता यावे. मुलांच्या डोळ्याची वाढ रोखण्याचा विचार त्यात नव्हता.

लेन्स डोळ्यावर नेमके काय करते? ती पारपटलाला दाबून वाकविते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बदल घडतो तो मुख्यतः वरच्या पेशीस्तरात. पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यावरील पेशींचा थर सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये अश्रूंचा अत्यंत पातळ थर असतो. त्यातील दाबाच्या फरकाने मधल्या पेशींचा थर काही मायक्रॉनांनी, फार तर वीसेकांनी, पातळ होतो आणि भोवतालच्या कड्यात तो थोडा जाड होतो. मधला भाग चपटा झाला की पारपटलाची शक्ती कमी होते आणि मिलनबिंदू मागे सरकून दृष्टिपटलावर येतो. सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याविना स्पष्ट दिसते. घालणे थांबविले तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, डोळा पूर्ववत होतो. पेशींचा थर मुळातच एवढा बारीक असल्याने या उपायाला मर्यादा आहे. अमेरिकेतील पहिली मान्यता उणे सहा डायॉप्टरपर्यंतच होती, आणि व्यवहारात उणे चारच्या आतील डोळ्यांना तो अधिक साधतो.

हे झाले मध्याचे. कडेला काय घडते, हे २००६ साली नील चार्मन आणि ब्रिस्बेन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. उपचार घेणारे अवघे चार प्रौढ त्यांनी तपासले. संख्या लहान, पण निष्कर्ष लक्षवेधी. नंबर मोजणाऱ्या यंत्रासमोर बसवून त्यांना थोडे थोडे बाजूला पाहावयास सांगितले, म्हणजे यंत्राचा प्रकाश डोळ्यात तिरपा शिरेल आणि कडेचा नंबर मिळेल. उपचारापूर्वी व दोन आठवड्यांनंतर केलेल्या मोजणीत दिसले ते असे : मध्यापासून दोन्ही बाजूंस सुमारे १० अंशांपर्यंत नंबर चांगला उतरला; त्यापलीकडे परिणाम घटत गेला; ३० अंशांच्या पुढे फारसा बदलच नव्हता. उणे तीनचा डोळा घेतला तर मध्ये तो शून्य झाला आणि कडेला जवळपास उणे तीनच राहिला.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. समोरून येणारा किरण पारपटलाच्या मध्यातून, चपट्या झालेल्या भागातून, जातो. बाजूने येणारा किरण बाहुलीत शिरण्यासाठी पारपटलाच्या मध्यापासून दूरच्या जागेतून येतो. तीस अंशांच्या कोनावर ही जागा मध्यापासून दीड-पावणेदोन मिलिमीटर सरकते. चपटा भाग मुळात चार-पाच मिलिमीटर रुंदीचा. म्हणजे किरणांच्या झोताचा बराच हिस्सा त्या उंचावलेल्या कड्यातून जातो. तेथे पारपटलाची शक्ती कमी झालेली नसते, उलट किंचित वाढलेली असते. म्हणून कडेची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे पडते.

चष्म्याशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. मध्ये दोन्ही सारखेच काम करतात. कडेला चष्मा प्रतिमा पडद्याच्या मागे सोडतो, ही लेन्स ती पडद्याच्या पुढे ठेवते. मागे पडलेल्या प्रतिमेचा डोळा पाठलाग करतो. पुढे पडलेली प्रतिमा त्याला थांबावयास सांगते. सोय म्हणून निघालेले साधन मुलांच्या डोळ्याची वाढ का मंद करते, याचे एक सुसंगत उत्तर येथे मिळाले. 'कडेवर काम करते' या डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ हाच.

वाढ खरोखर मंदावते का, हे हाँगकाँगमध्ये तपासले गेले. तेथे शाळकरी मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांइतके आहे. २००५ साली पॉलीन चो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अभ्यासात दोन वर्षांत लेन्स वापरणाऱ्या मुलांचा डोळा सरासरी ०.२९ मिलिमीटर वाढला, तर चष्मा वापरणाऱ्यांचा ०.५४. मात्र त्यात कोणी काय वापरावे हे चिठ्ठी टाकून ठरविलेले नव्हते. २०१२ साली चो व चेउंग यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर तशी काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली : वाढ ०.३६ विरुद्ध ०.६३ मिलिमीटर, म्हणजे ४३ टक्के मंद. पाऊण मिलिमीटरच्या आतील हे आकडे क्षुल्लक वाटतील. पण एका मिलिमीटरला अडीच-तीन डायॉप्टर हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते. डोळा जितका अधिक लांबतो तितका दृष्टिपटल ताणले जाऊन सुटण्याचा किंवा उतारवयात मध्यभागी झिजण्याचा धोका वाढतो. मुळात चिंता असते ती या धोक्याची.

येथपर्यंतचे चित्र नेटके आहे, आणि नेटक्या चित्राकडे इतिहासाच्या माणसाने संशयाने पाहावे. कडेच्या सिद्धान्ताला माणसांतील पहिला पुरावा म्हणून १९७१ सालचा एक डच अभ्यास सतत उद्धृत होत असे. हूगरहाइडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या कडांचे नंबर मोजले होते; ज्यांच्या कडेला प्रतिमा मागे पडत होती, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे निकटदृष्टिता आली, असे त्यावरून सांगितले जाई. चाळीस वर्षे हा दाखला एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहिला. २०१२ साली काही संशोधकांनी मूळ लेख पुन्हा बारकाईने वाचला आणि निदर्शनास आणले की कडांची मोजणी बहुधा प्रशिक्षणाच्या शेवटी, म्हणजे नंबर आल्यानंतर, झाली असावी. मग कडेमुळे नंबर आला की नंबरामुळे कडा तशी झाली? आधी काय आणि नंतर काय, हा आमच्या विषयातील पहिला प्रश्न. तोच तेथे चाळीस वर्षे कोणी विचारला नव्हता. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक मुलांचा पाठपुरावा करून डोनाल्ड मुटी व सहकाऱ्यांनी २०११ साली जे मांडले तेही याच दिशेचे होते : कडेच्या नंबरावरून कोणत्या मुलाला निकटदृष्टिता येईल हे फारसे सांगता येत नाही.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे. लेन्सने कडेची प्रतिमा पुढे येते, हे मोजलेले सत्य. लेन्सने डोळ्याची वाढ मंदावते, हेही चाचणीने दाखविलेले सत्य. पहिल्यामुळेच दुसरे घडते, हे अद्याप अनुमान आहे. दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांचा थर लेन्सने किंचित जाड होतो, प्रतिमेची घडणही बदलते. त्यांचाही वाटा असू शकेल. प्राण्यांवरील प्रयोगांचे बळ पाहता कडेचा वाटा मोठा असावा असे आम्हांस वाटते, पण दुकानातील माहितीपत्रकात तो जितक्या खात्रीने छापलेला असतो तितकी खात्री शास्त्राला नाही.

येथे एक घोटाळा दूर करावयास हवा. आमच्याही मनात तो बरेच दिवस होता. या लेन्स वापरणाऱ्यांना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. कडेची प्रतिमा जुळत नाही म्हणून असे होत असेल, असे आम्ही समजत होतो. ते चुकीचे आहे. कडा दोन आहेत. एक दृष्टिपटलाची, म्हणजे पाहणाऱ्या पडद्याची; दुसरी पारपटलाची, म्हणजे प्रकाश शिरण्याच्या खिडकीची. अंधारात बाहुली रुंदावते आणि समोरच्याच दिव्याचा प्रकाश खिडकीच्या उंचावलेल्या कड्यातूनही आत येतो. तो प्रकाश मध्यावरच पडतो, पण नीट जुळत नाही. त्याचे वलय दिसते. मंद प्रकाशात फिकट गोष्टी ओळखणेही काहीसे कठीण जाते. कडेच्या नजरेच्या दृष्टीने मात्र वापरणाऱ्याला अडचण जाणवत नाही, उलट चष्म्याची चौकट व तिच्या बाहेरचा धूसर पट्टा नाहीसा झाल्याने खेळताना बाजूचे अधिक मोकळे दिसल्यासारखे वाटते.

धोक्याविषयी हातचे राखून लिहिणे योग्य होणार नाही. रात्रभर डोळ्यात राहणाऱ्या लेन्सखाली जंतुसंसर्ग झाला तर पारपटलावर व्रण पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. या शतकाच्या आरंभी चीन व आसपासच्या देशांत असे अनेक प्रकार घडले आणि नियम कडक करावे लागले. स्यूडोमोनास नावाचे जिवाणू आणि अकँथामीबा हा पाण्यातील सूक्ष्मजीव, हे त्यातील मुख्य अपराधी. अकँथामीबा नळाच्या पाण्यातही असतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी साध्या पाण्याने कधीही धुवावयाची नसते, मग ते पाणी कितीही स्वच्छ दिसो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा हजार मुलांनी वर्षभर लेन्स वापरल्यास सुमारे चौदा जणांना असा संसर्ग होईल, असा अंदाज निघाला. चौदा ही संख्या थोडी म्हणावी की फार, हे त्या चौदांपैकी एखाद्याच्या आईलाच विचारावे.

आमच्या वसतिगृहाचा विचार मनात आला तो येथेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी शाळा, एका खोलीत बारा मुले, एक आरसा. अशा ठिकाणी ही लेन्स सुचविणे म्हणजे मुलांच्या डोळ्यांशी खेळ होईल. शिवाय तिची किंमत शेतमजूर पालकाच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी. चष्म्याच्या काचेतच मध्यभाग स्वच्छ ठेवून भोवती शेकडो बारीक भिंगे बसविण्याची युक्ती हाँगकाँगमध्येच निघाली आहे आणि तिचे निष्कर्ष चांगले आहेत. डोळ्याला स्पर्श होत नसल्याने जंतूंचा प्रश्नच नाही. तीही अजून महाग आहे.

मग आमच्या मुलांसाठी काय? गावाकडून येणारे पालक आजही सांगतात की चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून कमी नंबरचा द्या किंवा लावूच नका. मुलीच्या बाबतीत तर लग्नाची धास्ती अधिक. सभागृहातील बाबासाहेबांच्या तसबिरीला वंदन करून ही मंडळी आमच्या खोलीत येतात आणि चष्म्याला नको म्हणतात, तेव्हा त्या तसबिरीत बाबासाहेबांनी काय घातले आहे हे विचारण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. वरील विवेचनावरून कोणी म्हणेल, पाहा, चष्मा कडेची प्रतिमा मागे टाकतो, म्हणजे पालकांचे खरेच होते. तसे नाही. मलेशियात ९४ मुलांवर झालेल्या चाचणीत अर्ध्या मुलांना मुद्दाम पाऊण डायॉप्टर कमी नंबरचा चष्मा दिला होता. २००२ साली तिचे निष्कर्ष आले : दोन वर्षांत त्यांचाच नंबर अधिक वाढला. अपुरा चष्मा डोळ्याला वाचवीत नाही आणि फळाही दाखवीत नाही.

स्वस्त उपाय एकच निघाला आहे, तो म्हणजे उघड्यावरचा प्रकाश. चीनमधील ग्वांगझू येथे बारा प्राथमिक शाळांपैकी सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक मैदानावर नेले. तीन वर्षांत तेथे ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतर शाळांत ३९.५ टक्के. आमच्या शाळेत पूर्वी संध्याकाळचा खेळाचा तास होता. दहावीच्या जादा वर्गांसाठी तो आम्हीच बंद करविला होता. या जूनपासून पाचवी ते आठवीपुरता तो पुन्हा सुरू केला आहे, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी वर्गशिक्षकांनी शेवटच्या बाकावरील मुलाकडून फळा वाचवून घ्यावा, असे ठरले आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही हे सर्व पत्राने कळविले. निर्णय त्याचा आणि नेत्रतज्ज्ञांचा. त्याने लेन्स घेतल्या. रात्री साबणाने हात धुऊन, कोरडे करून, तो स्वतः मुलीच्या डोळ्यांत लेन्स घालतो. डोळा लाल झाला, दुखला किंवा प्रकाश सहन होईना, तर त्याच दिवशी लेन्स बंद करून दवाखाना गाठायचा, असा कागद त्याने आरशाजवळ चिकटविला आहे. मुलगी म्हणते, रस्त्यावरच्या दिव्यांना रात्री गोल कडी दिसतात, पण सकाळी फळा दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या डोळ्यांची लांबी पुन्हा मोजावयाची आहे. गेल्या वेळचा आकडा त्याने फोनवर सांगितला तेव्हा आम्ही तो टिपून घेतला, आणि तीनचा दोन तर झाला नाही ना, म्हणून त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला.